रस्ता लांबीने मोजायचा की रुंदीने?



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. धानाची कापणी, मग घरातलं एक लग्न, मग माझा गुडघा... कारणं सांगत बसलो तर त्यांचाच लेख होईल. असो.

मागच्या रविवारी नागपूरहून पुतण्या आला होता. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "काका, घरातून निघालो ते थेट कामठ्याच्या दारात. तीन तास! पूर्वी अर्धा दिवस मोडायचा." स्वारी खुशीत होती. मीही "छान झालं" म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. पण तो गेल्यावर दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. तो रस्ता लांबीने मोजत होता. इतके किलोमीटर, इतके तास. मला मात्र अलीकडे महामार्ग दिसला की आधी त्याची रुंदी दिसते. का, ते आज लिहितो.

आधीच सांगून टाकतो, मी रस्त्यांच्या विरोधातला माणूस नाही. उलट आमच्या घरात रस्त्याचे उपकार आहेत. १९७९ सालची गोष्ट. माझी नोकरी जंगलाकडच्या एका लहानशा गावात होती. डांबरी सडक तिथून सहा-सात मैलांवर. ऑगस्टचा महिना, तीन वर्षांच्या मुलीला ताप चढला आणि रात्री झटके यायला लागले. गावच्या पाटलांनी बंडी जुंपली. मी, बायको, मांडीवर मुलगी, पुढे कंदील घेतलेला एक माणूस. अर्ध्या वाटेत नाला भरून वाहत होता. पाणी उतरेपर्यंत आम्ही काठावर बसून राहिलो. ती वाट पाहणं मी आजवर विसरलेलो नाही. पहाटे सडकेला लागलो तेव्हा लाकडं घेऊन निघालेला एक ट्रक थांबला आणि त्याने आम्हाला गोंदियाला पोचवलं. त्या ड्रायव्हरचं नाव विचारायचंही सुचलं नाही. त्या मुलीची मुलगी आज कॉलेजात जाते.

तेव्हापासून माझ्यापुरता हिशेब पक्का होता. सडक म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट. शाळेत "आमचे गाव" हा निबंध द्यायचो तेव्हा मुलं हटकून शेवटी लिहायची, "आमच्या गावाला पक्का रस्ता हवा." मी त्या वाक्याखाली लाल शाईने "उत्तम" लिहीत असे.

मास्तरकीची सवय जात नाही, म्हणून थोडा इतिहास. आपल्या देशातल्या रस्त्यांच्या विचाराला मराठी माणसाचा आणि विदर्भाचा हात लागलेला आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी एक समिती नेमली गेली. रस्त्यांचं ओझं नुसत्या जिल्हा बोर्डांना आणि प्रांतांना पेलण्यासारखं राहिलेलं नाही, देशानेही ते उचललं पाहिजे, पेट्रोलवर जादा कर बसवून त्यासाठी पैसा उभा करावा, असं या समितीने सांगितलं. त्यातून १९२९ साली केंद्रीय मार्ग निधी सुरू झाला. पुढे महायुद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९४३ मध्ये, प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते आपल्या नागपुरात जमले आणि त्यांनी २० वर्षांचा आराखडा केला. तोच 'नागपूर योजना' म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांताचे महामार्ग, जिल्ह्याचे मोठे रस्ते, जिल्ह्याचे लहान रस्ते आणि खेड्यांचे रस्ते, अशी पाच पायऱ्यांची उतरंड तिथे ठरली.

त्या योजनेतलं एक सूत्र मला फार आवडतं. शेतीच्या मुलखातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये! म्हणजे बघा, मोजायला सुरुवात गावापासून केली होती. गावातून निघालेल्या माणसाला सडक किती लांब पडते, हा तो प्रश्न होता. नाल्याकाठी बसलेल्या माझ्यासारख्याचा प्रश्न.

नंतर मोजमाप बदलत गेलं. १९५६ साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला, १९८८ साली महामार्ग प्राधिकरणाचा. खेड्यांच्या रस्त्यांसाठी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना यायला डिसेंबर २००० उजाडलं. १९५१ च्या सुमारास देशात राष्ट्रीय महामार्ग २० हजार किलोमीटरच्या आत होते. २०१४ साली ते ९१ हजारांवर गेले आणि आता ती लांबी १ लाख ४६ हजारांच्या आसपास आहे. एवढी वाढ माझ्या एका आयुष्यात झाली. कौतुक वाटावं अशीच ही गोष्ट आहे.

आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला यातलं बरंच आलं. साकोली-देवरीवरून रायपूरकडे जाणारा जुना ६ नंबर २०१० च्या नव्या क्रमांकांत ५३ झाला. कोहमाऱ्याहून गोरेगाव, गोंदिया, तिरोडा, तुमसर असा जाणारा रस्ता ७५३ झाला. बालाघाटकडून गोंदिया, आमगाव, देवरी असा उतरणारा ५४३ झाला. नातवंडांना हे आकडे कोडं वाटतात, म्हणून सांगतो. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मोठ्या मार्गांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम आकडे, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. तीन आकडी क्रमांक म्हणजे मोठ्या मार्गाची फांदी. ५३ ची फांदी ७५३, आणि शहडोलवरून जाणाऱ्या ४३ ची फांदी ५४३. आकड्यात एवढी शिस्त आहे की वर्गात शिकवायला मजा आली असती.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या घराला पुन्हा त्रास नको.

करोनाच्या दोनेक वर्षं आधी आमच्या भागातल्या एका गावच्या ग्रामसभेला मला मुद्दाम बोलावलं होतं. मी त्या गावात अकरा वर्षं शिकवलं. निम्मी सभा माझे विद्यार्थी. गावाला लागून जाणारा रस्ता चौपदरी व्हायचा होता, त्यासाठी काहींच्या बांध्या जाणार होत्या, लोक कुरकुरत होते. मी उभा राहिलो आणि माझी १९७९ ची गोष्ट सांगितली. नाला, बंडी, ट्रक, सगळं. "तुमच्या लेकरांवर अशी रात्र येऊ नये असं वाटत असेल तर रस्त्याला आडवे येऊ नका," असं म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, कशाला लपवू?

रस्ता झाला. अगदी गुळगुळीत, मधोमध दुभाजक, कडेला पांढरे पट्टे. १०८ ची गाडी आता गावातून गोंदियाला बघता बघता पोचते. माझं म्हणणं खरं ठरलं. फक्त गाव एका अंगाला राहिलं आणि धानाच्या बांध्या दुसऱ्या अंगाला. पूर्वी लोक घरातून निघून सडक ओलांडून सरळ शेतात उतरायचे. आता वळायची जागा बरीच पुढे, तेवढंच परत मागे यायचं. डोक्यावर पऱ्ह्याची जुडी, कमरेत वाकलेली म्हातारी माणसं, ही एवढी पायपीट दिवसातून चार वेळा कोण करणार? लोकांनी दुभाजकाचे दोन दगड हलवले आणि आपली वाट केली.

गेल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत माझ्या एका विद्यार्थ्याची आई शेतावर शिदोरी घेऊन निघाली होती. त्याच फटीतून. एका बाजूची गाडी तिने पाहिली, दुसऱ्या बाजूची दिसली नाही.

मी भेटायला गेलो. मुलगा अंगणात बसला होता. रडून झालं होतं. तो माझ्यावर रागावला नव्हता, तेच जास्त जड गेलं. एवढंच म्हणाला, "गुरुजी, माय चाळीस वर्षं तीच वाट चालत होती. वाट तिची होती, सडक मागून आली." तिथे जमलेल्या एका शहाण्याने समजूत काढली, "पण चूक तिचीच ना, दुभाजकातून कशाला जायचं?" कायद्याने पाहिलं तर त्याचं बरोबरच होतं. मी काही बोललो नाही. घरी येऊन मात्र ग्रामसभेतलं माझं भाषण मनात पुन्हा पुन्हा वाजत राहिलं. लेकरांच्या रात्रीबद्दल मी बोललो होतो. रोज सकाळी शिदोरी घेऊन जाणाऱ्या बाईबद्दल एक शब्द काढला नव्हता. मला ती सुचलीच नव्हती, आणि मी त्या गावात अकरा वर्षं राहिलो होतो. मग मंत्रालयात बसून नकाशा करणाऱ्याला ती कुठून सुचणार?

तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचतो आहे. १९५६ च्या त्याच कायद्यात जमीन घेण्याची रीत दिलेली आहे. जमीन घ्यायची सूचना निघते, तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. त्यानंतर २१ दिवसांत हरकत घेता येते. हरकत कुणी घ्यायची? त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याने. म्हणजे ज्याची बांधी जाते, त्याला निदान कागदावर जागा आहे. आता सांगा, सडक ओलांडून शेतावर जाणाऱ्या मजूर बाईची जमीन कुठे जाते? पलीकडच्या शाळेत जाणाऱ्या पोराच्या नावावर कुठला सातबारा असतो? गुराख्याचं काय? यांचं काहीच 'घेतलं' जात नाही, म्हणून यांना काही विचारायचं कारणही पडत नाही. प्रत्यक्षात त्यांची रोजची वाट जाते, पण वाटेचा सातबारा निघत नाही.

माझं मत थोडक्यात हे आहे. महामार्ग दोन प्रकारच्या लोकांचा असतो. त्यावरून जाणाऱ्यांचा आणि तो ओलांडणाऱ्यांचा. जाणाऱ्यांचा हिशेब आपण फार बारकाईने ठेवतो. किती गाड्या, किती टोल, किती मिनिटं वाचली. ओलांडणाऱ्यांचा हिशेब ते मेल्यावर सुरू होतो. आकडे बघा. २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर, आणि हे महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम २ टक्के आहेत. सगळ्या रस्त्यांवर मिळून पायी चालणारेच ३२,८२५ मेले. त्यात पलीकडे जाणारे किती आणि कडेने चालणारे किती, हे या आकड्यावरून कळत नाही. पण गाडीत बसलेले ते नव्हते, एवढं नक्की.

काहीजण म्हणतील, एवढा मोठा देश, प्रत्येक गावासाठी भुयारी वाट कशी करणार? हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्याच जंगलात आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या वाघांच्या जंगलातून जातो. तिथलं रुंदीकरण वर्षानुवर्षं न्यायालयांत अडकलं. शेवटी काय झालं? जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ता नऊ ठिकाणी वर उचलला. त्यातली सर्वांत लांब वाट ७५० मीटरची आहे. खाली कॅमेरे लावून पाहिलं तर वाघ, रानकुत्री, चितळं, सगळी मंडळी तिथून ये-जा करताना दिसली. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

याच्या उलटही पाहिलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कोहमारा-गोंदिया रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका तरुण वाघाला रात्री कारची धडक बसली. मागचे पाय ओढत तो झाडीत जातो आहे, असा तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी फोनवर पाहिला असेल. उपचारासाठी नागपूरला नेताना तो मेला. नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांमधली त्याच्या जातीची ती जुनी वाट होती. तो व्हिडिओ पाहताना मला विद्यार्थ्याच्या अंगणातलं वाक्य आठवलं नसतं तरच नवल. वाट त्याची होती, सडक मागून आली.

कृपा करून असं समजू नका की वाघाला दिलं ते मला सलतं. वाघाला मिळालं ते योग्यच मिळालं. त्याच्यासाठी अभ्यास झाले, माणसं कोर्टात उभी राहिली, तज्ज्ञांनी तो कुठून जातो ते महिनोन्महिने टिपलं. माझं एवढंच मागणं आहे की गावातली माणसं कुठून जातात हेही कुणीतरी टिपावं. त्याला तर कॅमेरेही लागत नाहीत, विचारलं की ती सांगतात.

माझी भाची नेदरलँड्समध्ये असते. तो सगळा देश आपल्या विदर्भाच्या निम्म्याहूनही लहान. तिने हिल्व्हर्समजवळच्या एका पुलाचे फोटो पाठवले होते. २००६ साली सुरू झालेला हा पूल सुमारे ८०० मीटर लांब, वर माती, गवत, झाडं, आणि रेल्वे व रस्ता त्याच्याखालून. हरणं, ससे वरून पलीकडे जातात, माणसांनाही चालायला वाट ठेवली आहे. भाची म्हणते, सायकलवाल्यांसाठी मोठ्या रस्त्यांखालून बोगदे असणं तिथे नवलाचं नाही. श्रीमंत देश आहे, त्यांची बरोबरी कशी करणार, हे मान्य. पण आपणही अगदीच गरीब राहिलो नाही. आमच्याच ५३ क्रमांकावर अमरावती ते अकोला या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीज बुकात नाव नोंदवलं गेलं. साडेचार दिवसांत एवढं काम करणारे हात ज्या देशात आहेत, तिथे धानाने भरलेला ट्रॅक्टर जाईल एवढ्या उंचीची खालची वाट अशक्य आहे, हे मी मानायचं कसं?

माझ्या साध्या तीन सूचना आहेत. मी अभियंता नाही, चूक असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावी.

एक, नकाशा पक्का करण्याआधी त्या जागेवर तीन दिवस बसून पाहावं. एक दिवस रोवणीचा, एक कापणीचा, एक शाळा भरलेली असताना. कोण, कुठून, डोक्यावर काय घेऊन पलीकडे जातं, ते लिहावं. दोन, वर्तमानपत्रातली सूचना ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, आणि ज्यांची जमीन जाते त्यांच्याइतकंच ज्यांची वाट जाते त्यांनाही बोलू द्यावं. तीन, खालची वाट बांधायची तर ती हार्वेस्टर आणि तणसाची गाडी जाईल एवढी उंच असावी, आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी साचू नये. गुडघाभर पाण्याच्या बोगद्यात कुणी उतरत नाही, मग पुन्हा दगड हलवले जातात.

आपलीही बाजू स्वच्छ नाही, हेही सांगायला हवं. डांबरावर धान वाळत घालणारे आपणच, गुरं मोकळी सोडणारे आपणच, ग्रामसभेला दांडी मारून नंतर पारावर ओरडणारेही आपणच. आणि सभेत उभं राहून अर्धीच गोष्ट सांगणारे माझ्यासारखेही आहेत.

गेल्या महिन्यात मी त्या गावी पुन्हा गेलो. जाताना शंभर पानी वही नेली होती. विद्यार्थ्याने खुर्ची आणून दिली आणि मी सकाळी सातपासून त्या फटीजवळ झाडाखाली बसलो. जो ओलांडेल त्याची नोंद. बाई, डोक्यावर भारा. दोन मुली, दप्तरं. म्हातारा, शेळ्या. मुलगा, सायकल खांद्यावर. दहा वाजेपर्यंत दोन पानं भरली. लोकांनी आधी हसून विचारलं, "गुरुजी, हजेरी घेता का?" मग काहीजण स्वतःहून येऊन सांगायला लागले की आम्ही परत येतानाही लिहा. ती वही आता ग्रामपंचायतीच्या अर्जाला जोडली आहे. उत्तर यायचं आहे. आलं की इथे लिहीनच.

पुतण्या आता माघी पौर्णिमेच्या सुमारास येणार आहे. त्याला म्हटलं आहे, वाटेत त्या गावापाशी थांब. गाडी कडेला लाव, उतर आणि काकूसाठी पलीकडच्या मळ्यातून भाजीची जुडी आण, पायी. मग घरी ये आणि मला सांग, रस्ता कसा झाला आहे.

तुमच्या गावाजवळून महामार्ग जात असेल तर तिथे लोक पलीकडे कसे जातात, ते जरूर कळवा. अमेरिकेतल्या आणि पुण्यातल्या मंडळींनीही लिहावं. माझ्या वहीत अजून पुष्कळ कोरी पानं आहेत.